शेंगदाण्याचं औषध

डबा चाटूनपुसून रिकामा झाला होता आणि पोरीचं वजन अर्धा पौंड उतरलं होतं. मी काटा पुन्हा शून्यावर आणला, झोळी पुन्हा अडकवली, पोरीला पुन्हा झोळीत ठेवलं. काटा तेच सांगत होता.

"रामभाऊ, हे कसं शक्य आहे?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

मी तेव्हा तळोद्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर लिहील ते औषध कुटून, घोटून, बाटलीत भरून देणारा माणूस. लढाईचे दिवस होते. अशक्त पोरांसाठी येणारी दुधाच्या पावडरीची पिंपं यायची बंद झाली होती. आणि पोरं तर यायचीच. ही पोर जेमी, तीन वर्षांची. आई ठुगीबाई तिला पाठीशी बांधून सातपुड्यातून दर बाजाराला खाली उतरायची. पोरीच्या नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरायचा नाही. ती सूज खाणं कमी पडल्याची. एवढी सूज धरूनही जेमी भरत होती जेमतेम पंधरा पौंड. आता साडेचौदा.

पावडर नाही, तर शेंगदाणा, ही कल्पना डॉक्टरसाहेबांची. त्यांनी मला समजावलं ते असं. आजारी पोराचं पोट मुठीएवढं. पेज पाजली तर चार घोटात भरतं आणि त्यात असतं निव्वळ पाणी. शेंगदाण्यात डाळीसारखं अंग भरणारं प्रोटीन असतं आणि वर भरपूर तेल. म्हणजे चमचाभर खाल्लं तरी वाटीभर पेजेपेक्षा जास्त ताकद. शिवाय पाण्याचा थेंब न घालता वाटलं तर आठ दिवस नासत नाही. मी दाणे भाजले, सालं पाखडली आणि औषधाच्या खलात तेल सुटेस्तोवर घोटले. लोण्यासारखा गोळा झाला.

जेमीने तो थुंकला. टाळूला चिकटत होता, चव काही नव्हती. मी म्हटलं, आपल्याकडच्या चटणीसारखी लसूण-मिरची घालू. डॉक्टरसाहेब म्हणाले, "तोंड आलंय तिचं. जाळ करता का?" मग गूळ आणि वेलदोडा घातला. गुळाने ताकद आणखी वाढते. लाडूसारखा वास सुटला. पोरीने दोन चमचे मिटक्या मारत खाल्ले आणि मला धन्य वाटलं. आठ दिवसांचा डबा भरून दिला. दिवसातून चार वेळा एकेक चमचा, असं तीनदा सांगितलं. त्याचा निकाल आता काट्यावर लटकत होता.

मी ठुगीबाईसमोर उकिडवा बसलो. घरी ती भिलीत बोलते, आमच्याशी बाजारातली अहिराणी.

"बाई, डबा कोनी खादा?"

"बठ्ठासनी," ती म्हणाली, जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं होतं. "सासूनी खादं, दीरना पोरेसनी खादं. पाव्हना वना व्हता, त्याले बी दिनं. उरनं ते जेमीले."

"पन ते जेमीकरता व्हतं ना?"

आता ती चिडली. "घरमा बठ्ठा भुक्या. एकली पोरनी खावानं आन बाकीनासनी देखत ऱ्हावानं? आसं कोन करस, भाऊ?"

मला लाज वाटली, तिची नव्हे, माझी. डोंगरातल्या घरात अन्न एकट्याचं नसतं. असेल ते सगळ्यांत फिरतं, पाहुण्याला तर आधी. मी मात्र मोठ्या हुशारीने लाडू करून पाठवला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

डॉक्टरसाहेब चष्मा पुसत बसले. महिन्याने जिल्ह्याचे सिव्हिल सर्जनसाहेब तपासणीला येणार होते. मागच्या खेपेला माझ्या खलातले दाणे पाहून त्यांनी बजावलं होतं, "ही गुरांची पेंड दवाखान्यात नको. पुढच्या वेळी फरक दिसला नाही, तर बंद करा." बंद केलं तर जेमीला द्यायला दुसरं काहीच नव्हतं. त्या सुजेची पोरं किती दिवस काढतात ते मी पाहिलं होतं.

ठुगीबाई उठताना मी सहज विचारलं, "माय, मांगे जेमीले तापनं औषद दिनं व्हतं, ते बी बठ्ठासनी पिदं का?"

ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघू लागली. "दुसरानं औषद कोन पिई?"

मी तडक आत गेलो. गूळ तसाच ठेवला, वेलदोडा वगळला. ओवा आणि सुंठ कुटून घातली, चिमूटभर काडेचिराइताची पूड टाकली. दवाखान्याचा वास आला, शेवटी जिभेवर कडवटपणा राहिला. डबा बाजूला सारून रुंद तोंडाची बाटली घेतली. त्या काळी मिक्श्चरच्या बाटलीवर आम्ही खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवत असू, एक खाच म्हणजे एक डोस. तशीच पट्टी हिला लावली आणि बूच घट्ट बसवलं.

"हाई औषद शे. कडू शे. फक्त जेमीनं."

तिने वास घेतला आणि मान डोलावली. जेमीने पहिल्या चमच्याला तोंड वाकडं केलं, पण गिळलं.

पुढच्या बाजाराला बाटली खाचेला खाच संपली होती. काटा साडेचौदावरच होता, पण सूज ओसरली होती. म्हणजे पाणी गेलं त्या जागी मांस आलं होतं. डॉक्टरसाहेबांनी नडगी चारदा दाबून पाहिली. त्याच्या पुढच्या बाजाराला पंधरा. मग सोळाच्या वर. मात्रा लागू पडली. मी काट्यासमोर उभा राहून हसत होतो.

सिव्हिल सर्जनसाहेब आले तो नेमका बाजाराचा दिवस. जेमी आईचं बोट धरून स्वतःच्या पायांनी ओटा चढली. साहेबांनी वजनाचा कागद पाहिला, पोरीची नडगी पाहिली.

"कोणतं मिक्श्चर हे?"

"शेंगदाणा, सर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "गूळ, ओवा, सुंठ आणि थोडं चिराईत."

"चिराईत कशाला?"

"ते रामभाऊंना विचारा."

मी तोंड उघडणार, तोवर साहेबांनी ठुगीबाईच्या हातातली बाटली घेतली, बूच काढलं आणि चव बघायला बोट आत घालणार, एवढ्यात तिने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. खुद्द सिव्हिल सर्जनच्या हातातून आजवर कोणी काही काढून घेतलं नव्हतं.

"साहेब, हाई पोरनं औषद शे," ती शांतपणे म्हणाली. "दुसरासनी खावानं नही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे चिराईत कशाला, ते कळलं," ते म्हणाले, आणि तपासणीच्या वहीत लिहिलं: चालू ठेवा.

पुढे कितीतरी पोरांना मी त्या बाटल्या भरून दिल्या. पौष्टिक काय ते डॉक्टरांच्या पुस्तकात सापडतं. ते कोणाच्या पोटात जाईल, हे मात्र घरातल्या बाईला विचारावं लागतं.