टीम एक, हुकूम दोघींचा

ज्या टीमला एकच डोकं असतं, तिथं सांगण्यासारखं फारसं घडत नाही. आमच्या बरकतपुऱ्याच्या मुलींच्या कबड्डी टीमला दोन होती: कोच वाघमारे मॅडम आणि कॅप्टन सुजाता. मग किस्से साचणार नाहीत तर काय!

नियम मॅडमनी करायचे, अंमल सुजातानं. उशीर झाला की ग्राउंडला राऊंड, हा मॅडमचाच नियम. एकदा कोठीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून त्याच उशिरा आल्या. सुजाता शांतपणे म्हणाली, "मॅडम, राऊंड."

आम्ही गारच! मॅडमनी पर्स माझ्या हातात कोंबली, पदर खोचला आणि धावल्या. वर मलाच ओरडल्या, "बघती काय? मोज की!"

* * *

सुजाताच्या धाकट्या बहिणीला मॅडमनी टीममध्ये घेतलं. सुजातानं दुसऱ्याच दिवशी तिला बाहेर बसवलं! "नक्को मॅडम. घरी माझं ऐकत नाही, इथं काय ऐकणार?"

* * *

जामबागच्या मॅचला मॅडमनी टाईम-आऊट घेऊन लंबंचौडं भाषण दिलं. खेळ सुरू होतो न होतो, तोच सुजातानं दुसरा टाईम-आऊट मागितला.

"आता काय झालं?" मॅडम.

"मघाचा तुमचं ऐकायला होता. हा खेळायचं कसं ते सांगायला!"

मला वाटलं, संपलं, आज हिची कॅप्टनशिप गेली. मॅडमनी मात्र पाण्याच्या बाटल्या वाटायला घेतल्या.

* * *

आणि फायनल. जिंकलो तर राज्य स्पर्धा. पुढच्या वर्षी सुजाता वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे तिला हीच संधी. स्कोअर बरोबरीत, शेवटची रेड आमची, आणि तिचा घोटा सुजून टम्म. टाईम-आऊटमध्ये मॅडमनी तिलाच बाहेर काढलं! ती रडकुंडीला आली.

"मग रेडला कोण जाणार?"

"काढणं माझं काम. पाठवणं तुझं," मॅडम म्हणाल्या.

सुजातानं मॅडमच्या डोळ्यांत पाहिलं, मग वळून माझ्याकडे. "शोभा, तू जा."

मी? मी कॉर्नरला उभी राहून रेडला आलेल्या पोरींचे पाय धरणारी. जन्मात रेड केली नव्हती! गेले, एकीला कसाबसा हात लावला आणि लोळत लाइन गाठली.

जिंकलो! मॅडम सुजाताला मिठी मारत म्हणाल्या, "पण शोभाच कशी काय सुचली गं तुला?"

"मला कुठं सुचली? तुम्हीच तर तिच्याकडे टक लावून बघत होता!"

"अगं, मी तिच्या मागचं घड्याळ बघत होते!"