न तोडलेल्या शेवया

रामभाऊ, सेनगावच्या स्टँडवर तू जीपचं दार धरून उभा होतास अन् मी तुझ्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर खाली उतरलो असतो. तुझी वहिनी जाऊन चार महिने झाले होते. घराची किल्ली तुझ्या हातात दिली. "दोन महिने पोराकडं राहून बघतो, न्हाई जमलं तर वापस," एवढंच बोललो.

खरं सांगतो, जमत नव्हतं. दत्ता दिवसभर इथं बँकॉकच्या हॉटेलात तंदूरपाशी. घरात मी अन् सून. नोई तिचं नाव. तिचा आजा चीनमधून जहाजानं आलेला, ती इथलीच. मराठीत तिला दोनच शब्द येतात, 'बाबा' अन् 'जेवा'. तिनं जेवा म्हणावं, मी ताट मागं सरकवावं. ज्वारीचं पीठ गावाकडून आणलं होतं, त्याची कच्ची-करपली भाकर माझी मी थापायचो.

एक जूनला दत्तानं सुट्टी घेतली. नोईनं पहाटेपासून कोंबडीचं पाणी उकळत ठेवलं होतं. त्यात तांदळाच्या लांबच लांब शेवया, वरून कोथिंबीर. कुएतिआओ म्हणतात. तिच्या आज्याच्या मुलखातलं, आता इथं गल्लोगल्ली मिळतं. पहिला वाडगा माझ्यासमोर आला. दत्ता डोळ्यानं म्हणून राहिला, खा. मला दात कुठं हायत? कालवणात भाकर कुस्करतो तशा शेवया बोटानं कुस्करल्या.

नोईच्या हातातला चमचा पडला. ती उठून आत गेली. रडणं ऐकू आलं.

"हातानं खाल्लं म्हून?"

"बाबा, आज तुमचा वाढदिवस. पासपोर्टवर हाय."

"ती तारीख गुरुजीनं टाकली. आमचा अर्धा वर्ग एक जूनचा."

"तिला काय माहीत? वाढदिवसाच्या शेवया तोडत न्हाईत. आयुष्य तुटतं म्हणतात."

"तुटू दे. तुझी माय गेली, मला लांब आयुष्य कशाला?"

दत्तानं माझा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाला, "वापसीचं तिकीट काढू?"

व्हय ओठावर आलं होतं. तेवढ्यात तुझी वहिनी आठवली. भाकर कुस्करून ताट पुढं करायची. "दात गेले म्हून उपाशी मरता काय? मला तुमी पायजे." ती गेल्यावर, मी जगतो का मरतो याच्यावर कुणी रडलं नव्हतं. तू बी न्हाई. राग मानू नको.

दुसरा रिकामा वाडगा घेऊन आत गेलो. नोई गॅसपाशी, माझ्याकडं पाठ. वाडगा पुढं केला अन् तिचाच शब्द बोललो, "जेवा." तिनं डोळे पुसले, नव्या शेवया वाढल्या. मी वाडग्याला तोंड लावून एकेक शेवई न तोडता ओढली. ठसका लागला, नाकातून पाणी आलं. ती पाठ चोळत होती. पण तोडली एक बी न्हाई.

तिकीट काढलं न्हाई. व्हिसाचं दत्ता बघून राहिला. किल्ली तुझ्यापाशीच ठेव, घराच्या पत्र्यावर दगड ठेवून घे. ते तुझ्या वहिनीचं घर हाय, ते मोडायचं न्हाई. पण माझी शेवई तुटली म्हून रडणारी पोरगी इथं हाय. सध्या मी तिच्या हातचं जेवून राहिलो.