साखरेची सावली

वसंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बावड्याच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते. फोन पेठेतल्या दुकानात आला होता, दुकानदार बिचारे स्वतः चालत सांगायला आले. मी खुर्चीत बसले आणि पायांतल्या चपला काढल्या, एवढंच आठवतं. किती महिने सुट्टी म्हटली की बारामतीची एसटी, दवाखान्याचा जिना, त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलणं... धाकटा भाऊ जातो तेव्हा बहीण आधीच दमून गेलेली असते, हे कुणी सांगत नाही. भेटायला येणाऱ्यांना शेवटच्या दिवसांचं तेच ते सांगून आता माझं तोंड दुखतं. म्हणून कुणी विचारत नाही ते इथं लिहिते आहे.

बारामतीत त्याचा स्टुडिओ होता. पाटीवर ‘वसंत फोटो’ एवढंच. आमचं आडनाव कांबळे. ते पाटीवर नव्हतं, कारण पोट लग्नांच्या ऑर्डरींवर आणि लग्नं बागायतदारांच्या घरची. इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका लग्नात अक्षता पडेपर्यंत सगळे त्याला “या फोटोवाले, बसा फोटोवाले” करत होते. पंगतीच्या वेळी नवरदेवाच्या चुलत्यांनी सहज विचारलं, “पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?” यानं सांगितलं. मग याचं पान पंगतीत नाही, गोठ्याशेजारच्या पडवीत मांडलं गेलं. “जेवलास का रे तसाच?” मी नंतर विचारलं, तर म्हणाला, “जेवलो की. लाडू ब्येस हुता.” असं म्हणतो तेव्हा तो आतून किती पेटलेला असतो, ते मला ठाऊक होतं. त्यानं अल्बम वेळेवर पोचवला आणि हळूहळू लग्नं घेणंच सोडलं.

मग तो वस्तूंकडे वळला. ठिबकच्या तोट्या, पंपाचे वॉशर, बेअरिंगा, बांगड्या; कारखानदार आणि दुकानदार माहितीपत्रकं छापायचे, त्यांतले फोटो. “वस्तू आडनाव इचारत न्हाय, अक्का,” म्हणायचा. गिऱ्हाइकाची अट एकच, पांढऱ्यावर वस्तू उठून दिसावी आणि सावली नको. आता वाटाण्याएवढ्या तोटीलाही सावली असते आणि ती महाहट्टी असते. एका बाजूनं दिवा लावला की दुसऱ्या बाजूला पडते, दुसरा लावला की दोन पडतात. तो पांढरा कागद भिंतीवरून टेबलावर असा घसरत आणायचा की मधला कोपराच दिसू नये. दोन्हीकडच्या दिव्यांपुढं बटर पेपर ताणायचा, उजेड मऊ व्हावा म्हणून. आणि उरलीसुरली सावली मारायला समोरून थर्माकोलचा तक्ता धरून कोण उभं? मी. माहेरी आलेल्या बहिणीचा हा पाहुणचार! दिव्यांच्या धगीनं घाम गळायचा, खांदे भरून यायचे, आणि हा कॅमेऱ्यामागून, “वाईच तिरकं... हां, आता हलू नगंस.” एकदा वैतागून मी म्हटलं, “मेल्या, एवढी सावली काढून कुणाचं भलं होणार आहे?” तर म्हणाला, “आपल्या आज्याची सावली पडली तर लोक आंगूळ करायची. आन् आता सावली काढाया मलाच बोलावत्यात.” आणि खदाखदा हसला. मला हात वर धरून धड हसताही येईना.

त्याचा आजार नुकताच सुरू झाला होता तेव्हा एका साखर कारखान्याचं काम आलं. सभासदांना वाटायच्या कॅलेंडरवर कारखान्याची साखर हवी होती, पांढऱ्यावर पांढरी. वसंतानं जीव ओतला. कुठं म्हणून सावली ठेवली नाही. फोटो धुऊन आला, साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “वसंतराव, कागद झकास आलाय. साखर कुठं हाय?” खरंच, फोटोत काहीच नव्हतं! त्यानं घरी येऊन सांगितलं आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यानं मला पुन्हा उभं केलं, एका बाजूचा दिवा विझवला आणि मला म्हणाला, “अक्का, तक्ता घे मागं... आजून मागं. थोडी ऱ्हाऊ दे.” दाण्यादाण्याच्या पायाशी करडी रेघ उमटली आणि साखरेचा ढीग एकदम दिसायला लागला. “समदी सावली काढली की वस्तूच जाती,” वसंता म्हणाला.

छापखान्यातून विचारणा आली, फोटोखाली ‘छाया’पुढं नाव काय टाकायचं? नेहमी स्टुडिओचं नाव जायचं. हे कॅलेंडर तर बागायतदारांच्या घरोघरी जाणार होतं. त्याची बायको शैला घाबरली. “त्यांच्याच भावकी-पाव्हण्यांत आपली गिऱ्हाइकं हायती. झाकली मूठ सव्वा लाखाची,” म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं, औषधपाणी चालू होतं, पोरं शिकत होती. वसंता म्हणाला, “लई दीस झाकली. आता मूठ दुखाया लागली.” आणि आडनावासकट नाव टाकायला सांगितलं. पुढं काही गिऱ्हाइकं आली नाहीत, काही आली. नाही आली त्यांचा मला राग आला होता आणि अजून येतो.

गेल्या आठवड्यात एक मुलगी शाळेत येईना म्हणून तिच्या वस्तीवर गेले. उसाचा मळा, पक्कं घर. आजीबाईंनी स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. चुलीशेजारच्या भिंतीवर तेच चित्र. वर्ष उलटलं तशा तारखा कापून टाकल्या होत्या आणि वरची साखर ठेवून दिली होती. आजीबाई म्हणाल्या, “बगा की बाई, खरीच वाटती. हात लावावा वाटतो. खाली बारीक कायतरी लिवलंय, पर आमाला कुठं वाचाया येतं?” ती ओळ धुरानं काळी पडली होती. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि कागद फाटणार नाही असं जपून, अक्षरं वर येईपर्यंत पुसलं.

“हां, आता वाचा.”

पहिलीच्या पोरांना शिकवते तसं एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं, आडनावासकट मी ते वाचलं.