वारं कनेरगावकडं

अन्याय झाला तो माझ्या मामावर, गेल्या अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चाराला पाच कमी असताना. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण त्यांच्या अहवालात तेवढीच एक गोष्ट बरोबर आहे.

सेनगाव आणि कनेरगाव नाक्याच्या मधल्या माळावर विमान शिकवणाऱ्यांची धावपट्टी आहे. मामा तिथं राखणदार. पट्टीवर आलेल्या शेळ्यामेंढ्या हाकलायच्या, हे काम. टोकाच्या खांबावर वाऱ्याची पिशवी असायची. ती जिकडं फुगते त्यावरून वैमानिकाला वारा कळतो. होळीनंतरच्या वावटळीत ती फाटून गेली. मामानं नवी मागितली, एकदा नाही, तीनदा. अर्ज मीच लिहिले. उत्तर आलं, तोवर वारा फोनवर सांगत जा.

सांगायचा बिचारा. आता आमच्याकडं वारं म्हणजे धान्य उपणायचं वारं. भुसा जाईल ती त्याची दिशा. आधी वैमानिकांशी रेडिओवर बोलायला सेनगावचा माणूस होता, त्याला हे समजावावं लागलं नाही. त्या आठवड्यात पुण्याहून नवा आला. मामा फोनवर म्हणाला, "साहेब, वारं कनेरगावकडं हाय. जोरात हाय."

मामाचा भुसा कनेरगावकडं चालला होता. साहेबानं ऐकलं, वारा कनेरगावकडून येतोय. त्यांच्यात वारा येतो ती बाजू सांगतात. सांगा की, पण उलटून विचारायला काय झालं होतं? एसीच्या खोलीची खिडकी उघडली असती, तरी माती तोंडावर आली असती.

विमानानं वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं असतं. हे उतरलं वारं पाठीशी घेऊन. मी मामाचा डबा घेऊन गेले होते. मामा गळ्यातली दस्ती काढून हलवत पट्टीच्या कडेनं पळत होता. चाकं टेकली तोवर अर्धी पट्टी संपलेली. विमान थांबलंच नाही. तुरीच्या धसकटांत घुसलं, नाकावर उभं राहिलं आणि उलथलं. आत शिकणारी मुलगी एकटीच, पट्ट्याला उलटी लटकलेली. मामानं तिला खांद्यावर तोलून विळ्यानं पट्टा कापला. तिचा हात मोडला, जीव वाचला.

अहवालात काय, तर राखणदारानं वाऱ्याची चुकीची दिशा सांगितली. पिशवीचा एक शब्द नाही. मामाला काढून टाकलं.

नोकरीचं त्याला एवढं वाटत नाही. मळणीयंत्र यायच्या आधी चार गावांत उपणायला पहिली हाक त्याला असायची. आता पारावर लोक विचारतात, "काय तात्या, आज वारं कुणाकडून?" तो उठून जातो. मला एकदाच म्हणाला, "मला वारं कळत न्हाई, आसंच लिव्हलं ना त्यायनं?"

तेव्हा वाचून हळहळू नका. त्या रस्त्यानं जाल तेव्हा गाडी थांबवा आणि खांबाकडं बघा, अजून नागडाच आहे. मग आत जा, पिशवी कुठाय ते विचारा, आणि मामावरचं ते वाक्य खोडल्याशिवाय बाहेर येऊ नका.