कंपनी फिटिंग

अंधेरीहून निघाले तेव्हा गाडी तीनदा बंद पडली. एकदा पार्किंगमध्ये, एकदा वॉचमनच्या केबिनसमोर आणि एकदा गेटमधल्या स्पीडब्रेकरवर, पोट घासून. रविवारची सकाळ होती आणि तुम्ही बी विंगच्या सगळ्या जणी गॅलरीत होतात. त्या सायलेन्सरचा आवाज ऐकून माणसाने गॅलरीत यावं, यासाठीच तो बसवलेला होता. मला गुपचूप निघायचं होतं, पण गाडीला गुपचूप काही करता येत नव्हतं. शेजारच्या सीटवर रेसिंगच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेला मिक्सर, त्याच्या पायाशी कुकर, टीचभर डिकीत दोन बॅगा. बावीस वर्षांच्या संसारातलं माझं म्हणावं असं सामान एवढंच निघालं.

वरून प्रशांत, म्हणजे तेव्हाचा माझा नवरा, हसत ओरडला, "क्लच दाबायला पायात दम लागतो! पहिल्या सिग्नलला फोन करशील बघ!" सुलभाताई, तुम्ही खाली येऊन काचेवर टकटक केलीत. वाटलं, आता धीर द्याल. तुम्ही विचारलंत, "मुलुंड म्हणजे ठाण्यातच ना गं?"

तुमच्यासाठीच लिहितेय, आणि माझ्यासारख्या ज्या निघाल्या त्यांच्यासाठीही. मी नवऱ्याची गाडी पळवली असं सोसायटीत अजून बोलतात म्हणे. पळवली नाही. ती माझीच होती.

जपानहून आलेली दोन दारांची, दोन सीटची गाडी प्रशांतने हौसेने घेतली. घेण्याआधी पत्रिका दाखवली. गुरुजी म्हणाले, तुम्हाला लोखंड लाभत नाही, वाहन पत्नीच्या नावे घ्या. म्हणून आरसीवर माझं नाव लागलं. एवढी एक सही सोडली तर त्या गाडीशी माझा संबंध नव्हता. तिला वर्षानुवर्षं नटवलं त्याने. मूळच्या पांढऱ्या रंगावर पिवळीजर्द फिल्म चढवली, मागे पंखासारखा स्पॉयलर लावला, स्प्रिंगा बदलून ती रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवली. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदाच तिच्यात बसल्या. उठवायला आम्ही दोघं लागलो. "यापेक्षा पाट बरा," म्हणाल्या. जोगेश्वरीच्या गुंफेतल्या देवीला ने म्हणून त्या त्याच्या मागे लागायच्या. अंधेरीहून जोगेश्वरी ती कितीशी लांब! पण त्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर गाडी घासेल म्हणून तो कधी गेला नाही, आणि रिक्षाने न्यायला त्याला वेळ नव्हता.

घर सोडण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण मला कसं कळलं ते नसेल. एका लग्नाला निघालो होतो. मी गाडीत बसले आणि माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मी उंच आहे. माझी सीट नेहमी शेवटच्या खाचेत असायची. कुणीतरी ती पुढे ओढली होती, माझ्याहून चांगली वीतभर बुटक्या कुणीतरी. मी विचारलं नाही. सीट मागे ढकलली आणि लग्नाला गेले. जेवणसुद्धा नीट जेवले. पुढच्या महिन्यात ती सीट पुन्हा पुढे होती.

वेगळं होताना घर त्याचं राहिलं, कारण ते माईंच्या नावावर आहे. गाडी माझ्याकडे आली. तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. पण तो सगळ्यांना सांगत राहिला, "चार महिने. चार महिन्यांत कंटाळून स्वतःच आणून लावेल इथे." त्याला मी परत नको होते. गाडी परत हवी होती.

मुलुंडला हॉस्पिटलच्या स्टोअरची नोकरी होती, म्हणून तिथे घर घेतलं. अंधेरीत रिक्षावालासुद्धा ओळखायचा. इथे पहिले सहा महिने मला सगळे 'पिवळी गाडीवाली' म्हणायचे. नाव कुणी विचारलं नाही. नवरा सोडून आलेली बाई इथे कुणाला दिसली नाही, हे मात्र बरं झालं. गाडीपुढे दिसायची कशी?

मग एकदा पवईला हवालदाराने अडवलं. आरसी बघून म्हणाला, "मॅडम, इथे रंग पांढरा लिहिलाय. ही तर पिवळी धमक." मी वाकून दाराच्या कडेला नख घातलं आणि फिल्म ओढली. बोटभर पट्टी सोलून निघाली. खाली पांढरा रंग, जसाच्या तसा. "हा बघा," म्हटलं. तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. तिथे रस्त्याच्या कडेला मला कळलं की काय करायचं.

गाडी विकली असती तर त्याने एखाद्या मित्राकरवी ती परत विकत घेतली असती. ठोकून मोडली असती तर तुम्ही सगळ्यांनी त्याची कीव केली असती. त्यापेक्षा त्याने जे जे बसवलं ते ते उतरवायचं. सूड म्हणाल तर हो, सूडच.

कुर्ल्याच्या अन्वरभाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मॅडम, लोग कंपनी फिटिंग निकालके ये सब लगाने आते हैं. आप उलटा आयी हो?"

"उलटाच. एकूण एक काढायचं."

"काढेन ना. पण ओरिजिनल पार्ट? ते कुठून आणू?"

ते कुठे आहेत हे मला माहीत होतं. चादरीत गुंडाळून, चिठ्ठ्या लावून प्रशांतने ते घरच्या माळ्यावर ठेवले होते. पण त्या माळ्यापर्यंत आता माझा हात कसा पोचणार? एवढं माईंना फोनवर बोलले, गप्पांत. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "दिवाळीची साफसफाई काढलीय. माळ्यावर नुसतं लोखंड. प्रशांत गावाला गेलाय, उद्या टेम्पो पाठव."

"त्याला काय सांगाल?"

"भंगारवाला घेऊन गेला म्हणेन. तसंही त्याला लोखंड लाभत नाहीच."

सहा महिने माझे रविवार अन्वरभाईंच्या गॅरेजमध्ये गेले. स्प्रिंगा बदलल्या, मूळ सायलेन्सर बसला, क्लच साधा झाला, सीटा आल्या. नुसतं बघत बसणं मला जमत नाही. ऑइल बदलायला शिकले, प्लग काढायला शिकले, अंगठ्याचं नख घालवलं. माझे वडील गिरणीत फिटर होते. मालवणीत म्हणायचे, "खोलूक कोणाकय येता. परत बसयता तो फिटर." पिवळी फिल्म मी एकटीने सोलली, दुधावरची साय काढावी तशी, दोन रविवारांत. अन्वरभाई म्हणाले हेअर ड्रायर लावा, लवकर निघेल. मला लवकर नको होतं.

गेल्या महिन्यात माईंना फोन केला. "रविवारी तयार राहा. जोगेश्वरीला जायचंय." त्यांनी ते प्रशांतला सांगितलं असणार, कारण मी गेटपाशी पोचले तेव्हा तो खाली उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, नजर वळणावर. सोबत दोन मित्रही होते. गाडी परत येतेय असंच त्याने त्यांना सांगितलं असावं.

मी गेटमधल्या स्पीडब्रेकरवरून आत गेले. काही घासलं नाही, इंजिनाचा आवाजही कुणाच्या कानी पडला नाही. तो वळणाकडेच बघत होता. माझ्याकडे न बघता बॉनेटवर दोन थापा मारून म्हणाला, "गाडी जरा पुढे घ्या हो. इथे दुसरी गाडी यायचीय."

मी पुढे घेतली.

माई लिफ्टमधून आल्या, दार उघडून बसल्या, पदर सावरला. आपल्या आपण. तेव्हा त्याने वळून नंबर प्लेट वाचली. मग मला बघितलं. मग जिथे स्पॉयलर असायचा तिथे. सुलभाताई, तुम्ही गॅलरीत होतात, त्याचं तोंड तुम्हीही पाहिलंत.

"हे काय केलंस तू?"

"कंपनी फिटिंग," मी म्हटलं. मित्रांपैकी एक फिसकन हसला. ते हसू मी अजून जपून ठेवलंय.

जोगेश्वरीहून मी माईंना थेट मुलुंडला आणलं. चार दिवस राहिल्या. तो स्पॉयलर माझ्या बाल्कनीत दोन विटांवर आडवा ठेवलाय. हलका, मजबूत, पाणी न लागणारा. माईंनी त्यावर कोहळ्याचे सांडगे घातले.

मुलुंड आता माझं घर झालं का, असं विचारता. घर म्हणजे काय हे मला पूर्वीही नीट सांगता आलं नसतं. इतकंच सांगते, सकाळी गाडीत बसते तेव्हा सीट शेवटच्या खाचेत असते, काल मी ठेवली तिथेच.

माई इथे होत्या त्याच मंगळवारी प्रशांतचा फोन आला. गाडीचं नाव काढलं नाही. निदान स्पॉयलर तरी दे, म्हणाला. मी माईंना विचारलं. त्यांनी बाल्कनीत जाऊन एक सांडगा दाबून बघितला.

"सांग त्याला," त्या म्हणाल्या, "अजून ओले आहेत."