निजली की निजलो

त्या गाडीचा अपघात मी पाहिला नाही, तरी आठवतो तो स्वतः पाहिल्यासारखा. दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, मध्ये बन्नूरहून म्हैसूरला येणारा रस्ता, दुपारचे तीन, कालव्यावरून येणारी गार झुळूक. आणि एक पांढरी गाडी रस्ता सोडून, काहीही आवाज न करता, भाताच्या खाचरात तरंगत उतरते आहे. आवाज नव्हता, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पण ते कळायला मला, म्हणजे पोलीस खात्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला, पाच महिने लागले.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. हल्ली मी त्या काळाला ‘माझ्या तरुणपणी’ म्हणते आणि नातवंडं हसतात. पण एक्कावन्न हे पोलिसांत धोक्याचं वय. आता आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. त्यातून मी कॉन्स्टेबल म्हणून लागून वर आलेली, उपनिरीक्षकाचे दोन तारे नुकतेच खांद्यावर चढले होते. रोज म्हैसूरहून ठाण्याला जाताना बसमध्येसुद्धा मी खांदा जरा पुढे काढून बसत असे. कंडक्टर तिकीट द्यायला यायचा तेव्हा तर जास्तच.

दुसरा रोग घरचा. आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचं. घरात मराठी, पण कन्नडात चांगली भिजलेली. कन्नडात निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळे आमच्याकडे ते हात सैल सोडून वाटलं जातं. आमच्याकडे चहा ‘येते’ आणि खुर्ची ‘मोडतो’. नवरा मात्र पुण्याचा. त्याने पंचवीस वर्षं माझे ‘ला’ आणि ‘ली’ दुरुस्त केले. मग मी इतरांचे करू लागले. नव्याने शुद्ध झालेल्या माणसाइतकं छळणारं दुसरं कोणी नाही.

तर अपघाताची खबर आली, स्टेशन डायरीत नोंद झाली आणि मी जागेवर गेले. गाडी खाचराच्या चिखलात नाक खुपसून उभी होती. चालक एक निवृत्त चित्रकला शिक्षक, आमच्यासारखेच म्हैसूरचे मराठी, वय अडुसष्ट. आपण त्यांना मास्तर म्हणू. बरोबर सहा वर्षांची नात. दोघं तलकाडला वाळूत खेळायला गेले होते, तिकडेच जेवून परतत होते. माणसांना आधीच दवाखान्यात हलवलं होतं. मी पंचनामा केला, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत. किल्ली जागेवर. मागच्या सीटखाली वाळूने भरलेल्या दोन इवल्याशा चपला. किल्ली मी स्वतः फिरवून पाहिली, इंजिन लगेच सुरू झालं. ‘वाहन सुस्थितीत’ असं लिहून मोकळी झाले.

संध्याकाळी दवाखान्यात जबाब घेतला. मास्तरांच्या छातीला पट्टा, नजर सगळी पलीकडच्या खाटेवर. तिथे नात पायाला प्लास्टर घालून झोपली होती. मराठी समजणारी ठाण्यात मी एकटीच, त्यामुळे माझा रुबाब विचारूच नका.

“काय झालं, मास्तर?”

“कालव्यापाशी आलो, मॅडम. एकदम निजली. मग काही नाही. सद्दच नाही.” सद्द म्हणजे कन्नडात आवाज. “स्वप्नासारखं... मग खाचर.”

“पोटभर जेवून निघाला होतात ना?”

“हो.”

“ऊन होतं?”

“होतं की.”

उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारले की असेच होकार मिळतात. हे मी पुढे नव्या पोरींना शिकवलं. त्या दिवशी मला कोणी शिकवलं नाही. कच्च्या वहीत मी त्यांचे शब्द उतरवून घेतले आणि ठाण्यात येऊन कन्नडात पक्का जबाब तयार केला. ‘मला अचानक झोप लागली व वाहनावरील ताबा सुटला.’ दुसऱ्या दिवशी वाचून दाखवला. नातीच्या प्लास्टरकडे बघत मास्तरांनी मान हलवली. निष्काळजीपणे वाहन चालवून दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला.

महिन्याभराने, जरा सावरल्यावर, मास्तरांनी गाडीच्या कंपनीला पत्र लिहिलं. अकरा महिन्यांची नवी गाडी चालता चालता बंद पडली, स्टीअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक लागेना. कंपनीचा इंजिनीअर ठाण्याच्या आवारात आला. टाय लावलेला, बोलायला गोड. गाडी त्याच्याही हाताने पहिल्या झटक्यात सुरू झाली. कंपनीने उत्तर धाडलं की वाहनात कोणताही दोष नाही, आणि झोप लागल्याची कबुली चालकाने पोलिसांपुढे दिलेली आहे.

ते पत्र मास्तरांच्या सुनेने वाचलं. तोपर्यंत नातीला शाळेत सोडायचं-आणायचं काम मास्तरांचं होतं, दिवसभरातलं तेवढंच एक काम. सून म्हणाली, “मामा, आजपासून तिला मी सोडेन.” बास. ओरडली नाही, रडली नाही. मास्तर म्हणाले, ओरडली असती तर बरं झालं असतं.

हे सांगायला ते एका सकाळी ठाण्यात आले. बाकावर बसले, टोपी मांडीवर.

“मॅडम, मी खरंच निजलो होतो का? तुम्ही लिहिलंय म्हणून विचारतो.”

आरोपी स्वतःचा गुन्हा पोलिसांना विचारतोय, असं मी नोकरीत एकदाच पाहिलं. मी त्यांना पुन्हा सुरुवातीपासून विचारत गेले.

“तुम्हाला काय आठवतं?”

“दोन्ही. ऊस हळूहळू मागं जातोय, मी स्टीअरिंग ओढतोय, हे आठवतं. डोळे मिटलेत, हे पण आठवतं आता. रोज रात्री पडल्या पडल्या बघतो ना. कुठलं खरं, ते गोत्तिल्ल.” म्हणजे ठाऊक नाही.

“मास्तर, वय होतं माणसाचं. मान्य करून टाका, मन हलकं होईल.”

हे मी म्हणाले. दोन तारे लावून म्हणाले. चहाही पाजला, वर त्यांनी ‘चहा छान झाली’ म्हटल्यावर ‘झाला’ अशी दुरुस्तीही केली. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिचा कान धरीन.

धागा सापडला तो लष्कर मोहल्ल्यात, आमची स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीकडे. बोनेटमध्ये डोकं घालून तो दुसऱ्याच कुठल्या गाडीशी भांडत होता.

“मेडम्, तुमच्या स्टेशनात ती पांढरी उभी आहे, अल्वा, नाही का? कालव्यापाशी पडलेली?”

“आहे. का?”

“अदु मलगबिडत्ते, मेडम्.” ती निजून जाते.

माझ्या हातातली स्कूटरची किल्ली तशीच राहिली. “कोण निजून जाते?”

“गाडी! मत्ते यारु?” आणखी कोण? “लांब चालवली, वरून ऊन असलं की किल्लीच्या स्विचमधली पत्ती तापून सैल होते. सगळं एकदम बंद. लाइट नाही, इंजिन नाही, स्टीअरिंग नाही. थंड झाली की उठते, काय झालंच नाही अशी. तीन आल्या माझ्याकडे. आम्ही तिला मलगो गाडी म्हणतो, झोपाळू गाडी.” त्याने फळीवरून एक डबा काढला. आत तसले तीन स्विच.

मी ठाण्यात परतले, कपाटातून कच्ची वही काढली आणि दवाखान्याचं पान उघडलं. ‘एकदम निजली.’ माझ्याच अक्षरात. ‘ली’वर काट मारलेली, आणि वर, त्याच निळ्या शाईत, ठसठशीत ‘लो’.

तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते मला नीट आठवतं, म्हणून जास्त लाज वाटते. बिचारे आमचे म्हैसूरकर, पुरुष असून स्वतःला ‘निजली’ म्हणतात, असं मला वाटलं होतं. मी त्या माणसावर उपकार केला होता. त्याचं व्याकरण सुधारलं होतं. मास्तरांची मराठी त्या दिवशी अगदी चोख होती. गाडीच ती. गाडी निजली.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “वही दाखवायलाच हवी का?” मी हो म्हटलं. हो म्हणायला वेळ लागला, हेही लिहून ठेवते.

मेस्त्रीचे स्विच पंचांसमक्ष ताब्यात घेतले, त्याचा जबाब नोंदवला. मग मोटार वाहन निरीक्षक आणि कंपनीचा तोच इंजिनीअर यांच्यासमोर तपासणी ठरवली. गाडी चिखलातून काढल्यापासून आवारातच होती. ती भर उन्हात उभी केली, इंजिन सुरू केलं आणि मास्तर, मेस्त्री धरून आम्ही सगळे चिंचेखाली खुर्च्या टाकून बसलो.

एक तास गेला. गाडी घुरघुरत होती. दुसरा तास. कॉन्स्टेबल पेंगले, निरीक्षकांची मान छातीवर आली, पानांतून ऊन सगळ्यांच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी हलत राहिलं. इंजिनीअर घड्याळ बघून म्हणाला, “मॅडम, हे सुम्ने आहे. उगाच.” मास्तर तेवढे ताठ बसले होते, पापणी न हलवता. मलाही सगळं लांबून दिसायला लागलं होतं, पाण्याखालून पाहावं तसं. माझेही डोळे मिटले असावेत.

आणि कोकिळा ऐकू आली. इतका वेळ ती ओरडतच असणार, पण आता ऐकू आली. इंजिनाचा आवाज गेला होता. कोणी गाडीला हात लावलेला नव्हता, किल्ली होती तिथेच होती. इंजिनीअर उठून गेला, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही.

मेस्त्री बसल्या जागेवरून म्हणाला, “आता कोण निजलं, सार?”

मास्तरांनी टोपी काढून तोंडावर धरली. खांदे हलत होते.

त्यानंतर कंपनीचे लोक एकदम मऊ झाले. नवी गाडी देतो, तक्रार मागे घ्या, गवगवा नको. मास्तर म्हणाले, “गाडी नको. मी जागा होतो, एवढं लिहून द्या.” तेवढंच ते देईनात. लिहून दिलं असतं तर बाकीच्या निजणाऱ्या गाड्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं आणि मी साक्षीला उभी राहिले, वही हातात घेऊन. कंपनीच्या वकिलाने ते पान सगळ्यांना दाखवलं.

“म्हणजे तुम्हाला मराठी लिहिता येत नाही?”

“लिहिता येतं. ऐकता येत नव्हतं.”

मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. माझा नवरा होता. मीही हसले असते, पण युनिफॉर्म होता.

मास्तरांवरच्या गुन्ह्यात मी बी रिपोर्ट दिला, म्हणजे खटला चालवण्यासारखं काही नाही असा अहवाल, आणि कोर्टाने तो मान्य केला. आयोगाचा निकालही मास्तरांच्या बाजूने लागला. चुकीच्या जबाबाबद्दल मला ताकीद मिळाली, माझ्या सेवापुस्तकात ती अजून आहे. असू दे, एरवी ते पुस्तक फार कंटाळवाणं आहे.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. जबाब घेताना माणसाचं वाक्य मोडकं असेल तर मोडकंच लिहावं. ते मोडलंय असं आपल्याला वाटतं, एवढंच खरं असतं. आणि माणूस एकदा कागदावर आला की तो स्वतःपेक्षा कागदावर विश्वास ठेवू लागतो, मग त्याच्या आठवणीसुद्धा आपल्या हस्ताक्षरात होतात. पोलिसाच्या पेनाला याची भीती वाटली पाहिजे. मला ती उशिरा वाटली.

आयोगाच्या आदेशाने कंपनीला शेवटी लिहून द्यावं लागलं, आणि ते पत्र आलं त्या संध्याकाळी मास्तरांनी मला घरी बोलावलं. पत्र इंग्रजीत होतं. सुनेने ते उभ्यानेच वाचलं आणि एका ओळीशी थांबली. मग मराठीत सांगितलं, “चालकाची चूक नव्हती, असं लिहिलंय.”

“परत वाच,” मास्तर म्हणाले.

तिने परत वाचलं. पत्र घडी करून त्यांच्या हातात दिलं आणि आत गेली. आतून भांड्यांचे आवाज आले, बराच वेळ आले. मग तिथूनच म्हणाली,

“मामा, उद्या तिची शाळा साडेआठला आहे. लवकर उठा.”