रविवारचा रुमाल

सगळे तिला टाचणीमावशी म्हणत. कपडे आखूड-सैल करून देण्याचं तिचं छोटं दुकान होतं. दिवसभर ओठांत टाचण्या. बोलायची ती दातांच्या फटीतून. टाचण्या काढून बोलायला लागली की गिऱ्हाईकाने ओळखावं, आता आपली धडगत नाही.

नवरा भूमितीचा शिक्षक. सगळे त्याला सर म्हणत, तीही.

मुलगा अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. सरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भेटायला आलेल्यांना त्यांनीच चहा दिला. "खंबीर माणूस," लोक म्हणाले. मावशीला खंबीर माणूस नको होता. बरोबर रडणारं कुणीतरी हवं होतं.

पुढे सर रविवारी सकाळी फिल्म क्लबला जायला लागले. फ्रेंच सिनेमे बघायला. रविवारचे कपडे धुताना मावशीला त्यांच्या खिशात रुमाल सापडायचा. चोळामोळा झालेला, ओला. आधी तिला वाटलं, सर्दी. पण सर्दी काय वार बघून होते?

"मीही येते," ती म्हणाली.

"कंटाळशील."

"कंटाळ्याचं मी बघते."

पडद्यावर एक बाई होती. तिची मुलगी वारलेली. बाई खिडकीशी बसली. उठली. परत बसली. मग नळाकडे बघत राहिली. तेवढ्यात मावशीच्या दोन पँटी आखूड करून झाल्या असत्या. शेजारीण आली. मग दोघी मिळून नळाकडे बघू लागल्या.

"हिला कामधाम नाही का?" मावशी पुटपुटली.

"श्श," सर म्हणाले.

मग त्या बाईने मुलीचा कोट हँगरला अडकवला आणि त्याची बटणं लावली. एकेक करून, वरपासून खालपर्यंत. रिकाम्या कोटाची बटणं. मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि त्याचाच तिला भयंकर संताप आला. कोण कुठली ही बया! हिला कुणी सांगितलं माझ्या दुखण्यात हात घालायला?

तिने शेजारी पाहिलं. सर हुंदके देत होते. खांदे गदगदत होते.

मावशी उठून उभी राहिली. "कोण लागते हो ती तुमची?"

हॉलभर ऐकू गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, खाली बसा!"

"तुम्हीच बसा. रडा परक्याच्या पोरीसाठी!" म्हणत ती बाहेर पडली. सर मागोमाग आले.

"आपल्या पोरासाठी का नाही रडलात?" घरात शिरल्या शिरल्या तिने विचारलं.

सर बुटाची नाडी सोडत राहिले. "तिथे माहीत असतं, कधी संपणार ते," ते म्हणाले.

हे ऐकून ती आणखीच चिडली.

पुढच्या रविवारी सर पुन्हा तयार. "माझा रुमाल कुठाय?"

"धुतला नाही. बाहीला पुसा." तोंडात टाचण्या होत्या.

सर कपाट धुंडाळू लागले. आत मुलाचा शर्ट टांगलेला होता. बाह्या आखूड करायला त्यानेच आईला दिलेला. एका बाहीला टाचण्या लावून झाल्या होत्या. दुसरीला हात लावायच्या आत तो गेला. सरांनी शर्ट बाजूला सारला, आणि टाचणी खचकन बोटात घुसली.

"आई गं!"

एवढ्याशा टाचणीला माणूस इतका ओरडत नाही. सर जमिनीवर बसले, बोट मुठीत धरून. लहान मुलासारखे रडू लागले. मध्येच म्हणाले, "बाही कशाला आखूड करायला घेतलीस? हात लांब होते त्याचे."

मावशीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "लांब कुठले? तुमच्यावर गेलेले. आखूड!"

"लांब होते."

"मी आई आहे त्याची. मापं मी घेतलीत."

"तुझं माप चुकलं."

क्लबची वेळ टळून गेली. दोघंही हट्टाला पेटलेले. शेवटी मावशीने शर्ट खाली काढला. टाचण्या न लावलेली बाही सरांच्या हाताला लावली. ती त्यांच्या बोटांवर आली.

"बघा," मावशी म्हणाली. आणि जास्तीची बाही तिने त्यांच्या मनगटाशी दुमडून धरली.